राजाने देऊन टाकलेली संध्याकाळ

एका राज्यात, जिथे नद्या पूर्वेला वाहत आणि राजवाड्याच्या गच्चीवर मोर पहारा देत, उदयभान नावाचा राजा राज्य करी. राजा शूर होता, न्यायी होता, रयतेवर माया करणारा होता. खोड एकच होती. त्याला स्वस्थ बसवत नसे. जेवताना तो नकाशे बघे, नाहताना हुकूम सोडी, आणि देवळात हात जोडून उभा असला तरी मनात विटा मोजत असे. त्याला एक दरबार बांधायचा होता. हजार खांबांचा! प्रत्येक खांबाला तांब्याचा पत्रा, असा चकचकीत की उगवत्या सूर्याने त्यात आपलं तोंड पाहावं.

काम अवाढव्य, दिवस मात्र तेवढाच. सूर्य मावळे, गवंडी थापी ठेवी, सुतार रंधा ठेवी, आणि राजा गच्चीवर उभा राहून हात चोळी. "आणखी चार घटका मिळाल्या असत्या तर!" रोज तो हेच म्हणे.

हे बोल महामांत्रिक अनिमिषाच्या कानी गेले. अनिमिष तिसऱ्या डोंगराच्या माथ्यावरच्या गुहेत राही. तीनशे वर्षांत त्याची पापणी एकदाही लवली नव्हती. तो आला तो थेट राजवाड्याच्या भिंतीतून आला. त्याच्या तळहातावर सोन्याची एक वाटी होती.

"राजा, ही वाटी तुझ्या घंगाळात सोड. हवा तेवढा दिवस मिळेल."

"मोबदला काय?"

"तुझ्या राज्यात जे सगळ्यांपाशी आहे आणि ज्याची तुला कधीच किंमत वाटली नाही, ते मला दे."

राजा हसला. ज्याची किंमत नाही ते देऊन टाकायला काय हरकत? "दिलं," तो म्हणाला.

त्या काळी वेळ पाण्यावर मोजत. राजवाड्याच्या चौकात पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ असे. त्यात बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगत सोडत. भोकातून पाणी आत येई, वाटी हळूहळू भरे आणि बुडे. वाटी बुडाली की एक घटका सरली. पहारेकरी घंटेवर टोला देई, रिकामी वाटी पुन्हा पाण्यावर ठेवी, आणि असा दिवस पुढे सरके. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तांब्याची वाटी काढली आणि सोन्याची सोडली. सोन्याची वाटी तरंगली. तरंगत राहिली. पहारेकऱ्याने टोल्यासाठी उचललेला हात तसाच उचललेला राहिला, आणि आकाशात सूर्य ताडाच्या शेंड्याला टेकला तो टेकलाच. हलेना!

घटकेच्या वाट्या घडवण्याचा मान त्या राज्यात सात पिढ्या एकाच तांबट घराण्याकडे होता, आणि त्या घराण्याची कर्ती बाई होती सुरंगा. हातोडा तिच्या हाती असा चाले की पत्रा लोण्यासारखा वळे. नवी वाटी पारखायला तिलाच बोलावलं. सुरंगेने वाटी उचलली, पालथी केली. बुड गुळगुळीत. भोक नाही. भोक नाही तर पाणी आत यायचं कसं? वाटी बुडाली नाही तर घटका सरायची कशी? तिला कळलं. तिथल्या तिथे कळलं. पण घरी तिच्या वाट्याचे खांबांचे सातशे पत्रे ठोकायचे पडले होते. तिने वाटी परत पाण्यावर ठेवली, काही न बोलता घर गाठलं आणि हातोडा उचलला.

सुरंगेला सहा वर्षांची मुलगी होती, बकुळा. घरात तिसरं माणूस म्हणजे म्हातारे सासरे, आबाजी. बकुळा दिवसभर ऐरणीभोवती घुटमळे. "आई, चिंचा पाडायला येतेस?" "आई, माझ्याशी खेळतेस?" सुरंगेचं उत्तर ठरलेलं. "संध्याकाळी, बाळ. संध्याकाळी नक्की." आणि संध्याकाळी ती इतकी थकलेली असे की पोरीच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता तिचाच डोळा लागे. आता तर संध्याकाळच नव्हती. सुरंगा मनातून खूश झाली. काम उरकेपर्यंत दिवस थांबला, याहून आणखी काय हवं?

आणि खरंच, काय तो उत्साह! कुणाला थकवा येईना. गवंडी गाणी म्हणत विटा रचू लागले, सुतारांच्या भुशाचे डोंगर झाले, तीनशे खांब उभे राहिले, मग पाचशे. हातातलं काम संपायच्या आत दुसरं समोर दिसे आणि प्रत्येकाला वाटे, एवढं थोडंच राहिलंय.

मग एकेक गोष्ट अडू लागली. दुधाला विरजण लावलं तर दही लागेना. जुईच्या कळ्या मिटलेल्या त्या मिटलेल्याच. रानात गेलेल्या गाई परत येईनात, कारण परतायची वेळ होईना. दोन शेजारणी भांडल्या तर भांडण संपेना. एरवी रात्र मध्ये आली की सकाळी दोघी विसरत. आणि सगळ्यांत शेवटी, मुलांच्या सावल्या पातळ होऊ लागल्या. ज्या मुलाची सावली विरली ते चाले, बोले, पण त्याला हसू येईना, भूक लागेना, हाक ऐकू येईना.

सुरंगेने हे ऐकलं ते ठोकता ठोकता. मग एकदा तिच्या ध्यानात आलं की बराच वेळ कुणी "आई" म्हटलेलं नाही. तिने वर पाहिलं. बकुळा उंबऱ्यावर उभी होती. उन्हात. पायाशी सावली होती, पण कशी? ओल्या बोटाने जमिनीवर रेघ ओढावी आणि ती वाळत यावी, तशी.

"बकुळे!"

पोरीने मान वळवली नाही.

सुरंगेच्या हातून हातोडा पडला. ती तशीच राजवाड्याकडे धावली. कमरेला भोक पाडायचा पोलादी पोगर होता. तो तिने घंगाळातल्या वाटीवर धरला आणि होता नव्हता तो जोर लावून घाव घातला. पोगराचं टोक तुटून उडालं. सोन्यावर ओरखडासुद्धा नाही! राजा गच्चीवरून म्हणाला, "सुरंगे, आधी खांब होऊ देत. मग वाटीचं बघू." आणि तो पुन्हा नकाशात बुडाला.

सुरंगा घरी येऊन भिंतीला टेकली. तेवढ्यात खिडकीत एक साळुंकी धप्पकन येऊन पडली. पंख विस्कटलेले, चोच उघडी.

"बाई, पाणी दे," साळुंकी म्हणाली. सुरंगेने दिलं. साळुंकी प्यायली आणि म्हणाली, "संध्याकाळ झाल्याशिवाय मला घरट्यात शिरता येत नाही. कधीची उडतेच आहे. पण तुमची संध्याकाळ कुठे आहे ते मी पाहिलंय. अनिमिषाच्या गुहेत, घड्यात भरून ठेवली आहे."

"मला तिथे ने."

"नेते. पण ऐक. वाटेत एक नदी आहे, एक गल्ली आहे, एक दार आहे. तिन्ही ठिकाणी तुझे हातच तुझे वैरी."

सुरंगेने पोगराला नवं टोक काढलं, तो कमरेला खोचला. बकुळेचा हात आबाजींच्या हाती दिला. "मामंजी, हिला सोडू नका."

"नाही सोडत," म्हातारा म्हणाला. "तू जा. मागे बघू नकोस."

पुढे साळुंकी, मागे सुरंगा. पहिला डोंगर उतरताच नदी आडवी आली. नाव ओढाळ. ना होडी, ना उतार, आणि पाणी असं खळाळतंय की दगड उड्या मारताहेत. सुरंगेने पदर खोचला, पाण्यात शिरली आणि सपासप हात मारायला लागली. तिने एक हात मारावा, नदीने तिला दोन हात मागे ओढावं. तिने जोर वाढवला, नदीने दुप्पट वाढवला. भोवऱ्याने पाय धरले, नाकातोंडात पाणी गेलं.

"हात सोड!" वरून साळुंकी ओरडली.

"बुडेन!"

"हात चालवतेस म्हणून बुडतेस! सोड!"

सुरंगेने आयुष्यात कधी हात सोडले नव्हते. मग तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात पसरून उताणी झाली. झालं! नदी एकदम मवाळ. तिने सुरंगेला पाठीवर घेतलं, जशी गाय वासराला चाटत चाटत पुढे नेते. सुरंगेने डोळे उघडले. वर आभाळ होतं, केवढं तरी! एक ढग कढईसारखा, एक नुसताच ढग. आभाळ असं पाहून तिला किती वर्षं झाली होती? पाठीला वाळू लागली तेव्हा ती पलीकडच्या काठावर होती, आणि खरं सांगायचं तर तिला उठावंसं वाटेना.

"चल," साळुंकी म्हणाली. "दुसरा डोंगर."

दुसऱ्या डोंगरात एक अरुंद गल्ली होती. दोन्ही बाजूंच्या कपारींत अर्धवट भांडी रचलेली. कान नसलेल्या कढया, गळा नसलेल्या कळशा, एका बाजूने ठोकलेल्या पराती. सुरंगा आत शिरली आणि सगळी भांडी एका सुरात बोलू लागली. "माझं एवढंच राहिलंय! दोन ठोके मार! दोनच!" मध्ये मध्ये माणसं बसली होती, ठोकत. एकाची दाढी वाढून ऐरणीला तीन वेढे घालून बसली होती.

"आजोबा, उठा," सुरंगा म्हणाली. "कधीचे बसलात?"

"आजोबा कुणाला म्हणतेस?" तो मान वर न करता म्हणाला. "आज माझं लग्न आहे. एवढी परात झाली की निघतोच."

सुरंगेने तिथून पाय काढला. ती भराभर चालू लागली. पण शेवटच्या कपारीत एक कळशी होती. काय घडण! पोट सुपारीसारखं गोल, गळा नाजूक, फक्त काठ वळवायचा राहिलेला. शेजारी हातोडा ठेवलेला. सुरंगेचा हात कधी गेला ते तिलाही कळलं नाही. ठण्. ठण्. काठ वळू लागला. ठण्. साळुंकीने तिच्या मनगटाला चोच मारली. रक्त आलं.

"थांब, एवढे दोनच ठोके..." सुरंगा म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. हुबेहूब त्या नवरदेवासारखा!

तिने हातोडा खाली ठेवला. काठ वाकडा, एका बाजूला उचललेला. तो तसाच टाकून ती निघाली. असं वाकडं काम तिने जन्मात सोडलं नव्हतं. मागून कळशी किंचाळली, पायांत शिसं भरलं, तरी ती एकेक पाऊल टाकत गल्लीच्या तोंडाशी आली आणि उघड्या वाऱ्यात बाहेर पडली.

तिसऱ्या डोंगराच्या माथ्यावर गुहेचं दार होतं. दारापुढे जेमतेम अंगणाएवढा कडा, आणि कड्याखाली दरी, जिचा तळ दिसेना. दारात चिंचेच्या झाडाएवढी राक्षसीण बसली होती. हातात बांगड्या म्हणून बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा.

"आत जायचंय," सुरंगा म्हणाली.

"जा. आधी माझ्याशी फुगडी खेळ."

"काय?"

"फुगडी. तीनशे वर्षं इथे बसले आहे. जो येतो तो दार मागतो, खेळतो कुणीच नाही." राक्षसीण आकसत आकसत बाईएवढी झाली आणि तिने हात पुढे केले. "नियम एक. खेळताना मनात दुसरं काही आणलंस तर हात सुटतील. मागे दरी आहे."

सुरंगेने हातांची अढी घालून तिचे हात धरले, पायाला पाय लावले, अंग मागे झोकलं. फिरायला लागल्या. एक फेरा, दोन फेरे. सुरंगेच्या मनात आलं, आता किती खांब झाले असतील? सर्रकन एक हात निसटला! टाच कड्याच्या काठावर, खडी घरंगळत दरीत चालली, आणि खाली पडल्याचा आवाज काही येईना.

"इथे बघ!" राक्षसीण ओरडली. "माझ्याकडे बघ!"

सुरंगेने बघितलं. राक्षसिणीचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. तिने निसटलेला हात पुन्हा पकडला, घट्ट, आणि पायांनी ताल धरला. फेरा वाढला. अंबाडा सुटला, केस पंख्यासारखे पसरले. डोंगर, आभाळ, दार, दरी, सगळ्यांची एकच रंगीत पट्टी झाली. राक्षसिणीने तोंडाने पकवा धरला, पक् पक् पक्, सुरंगेनेही धरला, आणि मध्येच तिच्या पोटातून काहीतरी वर उसळलं. तिला वाटलं, रडू असेल. हसू होतं! ती हसली, राक्षसीण हसली, साळुंकी हवेतल्या हवेत कोलांट्या घ्यायला लागली, आणि त्या हसण्याच्या गडगडाटाने गुहेचं दार आपोआप उघडलं.

"आणखी एक?" राक्षसिणीने धापा टाकत विचारलं.

"आणखी एक," सुरंगा म्हणाली. आणि खेळली.

मग ती आत गेली. गुहेत मातीच्या घड्यांच्या ओळी होत्या, प्रत्येकात एकेका राज्याची संध्याकाळ. मधोमध अनिमिष बसला होता, डोळे सताड उघडे, काठ लाल झालेले. सुरंगेने आपला घडा वासावरून ओळखला. त्याच्या झाकणाखालून गोठ्यातला धूर, जुई आणि चुलीवरची भाकरी, तिन्हींचा वास येत होता.

"ही आमची आहे," ती म्हणाली.

"तुझ्या राजाने दिली. मी जबरदस्ती केली नाही," अनिमिष म्हणाला. "मला झोप हवी होती. संध्याकाळ असली की माणसं झोपतात असं ऐकलं. म्हणून इतक्या जमवल्या. एकीचाही उपयोग झाला नाही. तरी फुकट देणार नाही. सांग, हिचं तू काय करशील? खरं उत्तर आलं तर झाकण उघडेल. तीनदा सांगता येईल."

सुरंगा म्हणाली, "दुसऱ्या दिवसाच्या कामाची तयारी करीन."

झाकण हललं नाही.

"मुलीला घडणकाम शिकवीन. ती मोठी कारागीर होईल."

झाकण हललं नाही. अनिमिषाच्या ओठाचा कोपरा वाकला. सुरंगेने कपाळावरचा घाम पुसला. तिला नदीतलं आभाळ आठवलं, तो नुसताच ढग. ती सावकाश म्हणाली, "काही करणार नाही. ओट्यावर बसेन. पोर शेजारी बसेल, काहीबाही बोलेल, मी ऐकेन. त्यातून काही निघणार नाही. तरी बसेन. मला ते हवंय, म्हणून."

झाकण टणकन उडालं! केशरी, जांभळा, सोनेरी उजेड घड्याच्या तोंडाशी उसळला. सुरंगेने झटकन पदर फाडून तोंड बांधलं. पण एक झुळूक सुटलीच, आणि ती अनिमिषाच्या चेहऱ्यावरून गेली.

"असं नुसतं बसता येतं?" त्याने विचारलं.

"येतं."

"मला कुणी शिकवलं नाही."

"बाहेर एक बाई बसली आहे," सुरंगा म्हणाली. "तीनशे वर्षं तुमचं दार राखते आहे. तिच्याशेजारी जाऊन बसा."

अनिमिष उठला. दाराशी थांबून म्हणाला, "एक ऐकून जा. वाटी आता माझी नाही, राजाची आहे. तो 'पुरे' म्हणेल तेव्हाच तिला भोक पडेल. कुठल्या राजाने तो शब्द उच्चारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही." एवढं बोलून तो कड्यावर राक्षसिणीच्या शेजारी टेकला. आणि तीनशे वर्षांत पहिल्यांदा त्याची पापणी लवली. एकदा. दोनदा. मागे गुहेतल्या घड्यांची झाकणं फटाफट उडू लागली, आणि नाना रंगांच्या संध्याकाळी दाही दिशांना आपापल्या राज्यांकडे धावत सुटल्या.

सुरंगाही धावत सुटली. घडा कमरेवर, कापडातून उजेड झिरपतोय! थेंब थेंब संध्याकाळ वाटेत सांडत होती. जिथे थेंब पडे तिथे गवताची सावली सरसर लांब होई, रानफुलं उमलत. गल्लीतून ती वाऱ्यासारखी गेली. दोन थेंब तिथेही सांडले, आणि मागे हातोडे एकेक करून खाली पडल्याचे आवाज झाले. तो नवरदेव दाढी सोडवत उठला आणि गावाची वाट विचारू लागला. नदीत तिने घडा पोटावर घेतला आणि उताणी झाली. या वेळी भीती कसली?

ती राजवाड्याच्या चौकात पोचली तेव्हा घडा निम्मा झाला होता. समोर दरबार! नऊशे नव्व्याण्णव खांब झगमगत उभे, आणि हजारावा दोरखंडांवर अर्धा उचललेला. घंगाळापाशी आबाजी सुनेची वाट बघत, बकुळेचा हात धरून बसले होते. तो त्यांनी अजून सोडला नव्हता. पोरीची सावली सुतासारखी उरली होती.

"महाराज," सुरंगा म्हणाली, "संध्याकाळ आणली आहे. 'पुरे' म्हणा."

राजा गच्चीवरून धावत खाली आला. त्याने घड्याकडे पाहिलं, मग खांबाकडे. "एकच राहिलाय, सुरंगे. एवढा एक उभा राहू दे."

"तो एक होईपर्यंत हिची सावली राहणार नाही."

"एकच तर आहे!"

"महाराज, वाटीला भोक नाही हे मी पारखतानाच पाहिलं होतं. गप्प बसले. मलाही दिवस हवा होता. माझेही पत्रे राहिले होते." ती बकुळेकडे वळली. "हिला हाक मारून बघा."

राजा बकुळेपाशी गेला. त्याच्या हाकेला माजलेले हत्ती थांबत, दहा हजार स्वार मागे वळत. "मुली," त्याने हाक मारली. बकुळा समोर बघत राहिली. "मुली!" पुन्हा. तो गुडघ्यावर बसला, तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि हळू आवाजात, जशी बापाने हाक मारावी तशी मारली. "बाळ." तिच्या डोळ्यांत राजा दिसत होता, पण तिला राजा दिसत नव्हता.

राजाचा चेहरा पांढरा पडला. तो उठला. ओठ हलले. "पु..." नजर हजाराव्या खांबाकडे गेली. चौकात दहा हजार माणसं हातातली कामं करता करता बघत होती. "पु..." त्याने छातीवर हात ठेवला, श्वास घेतला, आणि एवढ्या मोठ्याने ओरडला की गच्चीवरचे मोर उडाले.

"पुरे!"

मग लगेच म्हणाला, "खांब सावकाश खाली घ्या. कुणाला लागता कामा नये. आडवा ठेवा."

सुरंगेने पोगर वाटीच्या बुडाशी धरला. एकच घाव. टिच्! बुडाला मोहरीएवढं भोक पडलं. तिने वाटी पाण्यावर सोडली. सारा चौक घंगाळाभोवती गोळा झाला. भोकातून पाण्याचा एक मणी वर आला. मग दुसरा. वाटीत पाण्याचा पातळ थर झाला. वाटी कलली, डळमळली, पुन्हा सावरली. पाणी काठाशी आलं आणि डुबुक!

पहारेकऱ्याचा हात, कधीचा वर उचललेला, खाली आला. घंटा घणाणली. सुरंगेने घडा उलथा केला. केशरी उजेड गल्ल्यांतून, छपरांवरून, नदीवरून पसरत गेला, आणि ताडाच्या शेंड्यावर अडकलेला सूर्य सुटल्यासारखा खाली निघाला. सगळ्यांच्या सावल्या एकदम लांब झाल्या. बकुळेची सावली तिच्या पायांपासून निघाली ती चौक ओलांडून पार भिंतीवर चढली!

बकुळेने डोळे चोळले. "आई," ती म्हणाली, "मला केवढी भूक लागली आहे."

मग काय विचारता! गाई हंबरत परतल्या. जुई फुलली. त्या भांडखोर शेजारणी भांडता भांडता जांभया देऊ लागल्या आणि एकमेकींकडे बघून फिसकन हसल्या. साळुंकी कुणालाही न सांगता आपल्या झाडाकडे गेली. सुरंगा ओट्यावर बसली. बकुळा एका हाताने भाकरी खात, दुसऱ्या हाताने आईचा सुटलेला केस बोटाला गुंडाळत, एका मुंगीची लांबलचक गोष्ट सांगत राहिली. मुंगी कुठेच पोचली नाही. शेवटचा घास तोंडात असतानाच पोर झोपली.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तरी राज्यात कुणी उठलं नव्हतं. दरबारी मंडळी डोळे चोळत जमली, तर सिंहासन रिकामं. राजा घोरत होता, आणि राणीने दाराला आतून कडी लावली होती. दुपारी तो बाहेर आला, ताजातवाना, आणि त्याने दवंडी पिटवली: चौथ्या प्रहराची शेवटची वाटी बुडाली की हत्यारं खाली. राजानेही, रयतेनेही. जो चुकवील त्याला राजाशेजारी बसून सोंगट्यांचा अख्खा डाव खेळावा लागेल. ही शिक्षा भोगायला लोक मुद्दाम चुकू लागले तेव्हा ती रद्द करावी लागली.

आणि हजारावा खांब? तो उभा राहिला का? राहिला तर! त्याला अकरा महिने लागले. त्याचा पत्रा सुरंगेनेच ठोकला, सकाळच्या वेळी, आणि सगळ्या दरबारात तोच सर्वांत देखणा झाला. तिथे उगवत्या सूर्याला आपलं तोंड दिसे की नाही ते कुणी पाहिलं नाही, कारण त्या वेळी दरबारात कुणी नसे.

अशी सुरंगेने संध्याकाळ परत आणली, अशी ती त्या राज्यात नांदली. तुमच्याही दारी ती रोज येवो, आणि आली की तुम्ही घरी असा. आता सांगणाऱ्यालाही निघायला हवं. ऊन उतरलं आहे.